माळ्यावरचा सीपीयू आणि दादाच्या गप्पा

पत्र: मी सांगलीत गावभागात राहते, वय ६३. माझा मोठा भाऊ न्यू जर्सीला होता. २००४ ते २०११ आम्ही रोज सकाळी साडेसहाला याहू मेसेंजरवर टाइप करून गप्पा मारायचो. पहिली दोन वर्षं मी नेट कॅफेत जायचे, मग घरी कॉम्प्युटर घेतला. भाऊबीजेला मी मागच्या वर्षीच्या गप्पा उघडून वाचत बसायचे. २०१२ मध्ये मशीन फार हळू चालायला लागलं म्हणून ओळखीच्या मुलाने फॉरमॅट मारून नवी विंडोज टाकून दिली. तेव्हा काही वाटलं नाही. दादाला जाऊन आता चार वर्षं झाली. २०१९ च्या पुरात टेबल, प्रिंटर सगळं गेलं, पण सीपीयू आम्ही वरच्या मजल्यावर नेला होता, तो अजून माळ्यावर आहे. या दिवाळीत पुतण्याने तो चालू केला, त्यात रिकव्हरीचं सॉफ्टवेअर टाकलं, दादाचं नाव घालून शोधलं. काही मिळालं नाही. आता म्हणतो, विंडोज १० टाकून परत बघू. दुकानात १८ हजार सांगितले, तेही खात्री न देता. गप्पा मिळतील का? दादाचा आवाज मिळेल का? वहिनीशी हक्कसोडपत्रावरून बोलणं बंद आहे. भाची मात्र व्हॉट्सअॅपवर बोलते. तेही एक दिवस असंच जाईल का?

उत्तर:

ताई, आधी पुतण्याला फोन लावा. विंडोज १० ची पेन ड्राइव्ह त्या मशीनला लावायची नाही आणि मशीन परत चालूही करायचं नाही, एवढंच सांगा. बाकीचं सावकाश वाचलंत तरी चालेल.

पोराला रागावू नका. काकूसाठी ऐन दिवाळीत माळ्यावर चढून धूळ खाणारा पुतण्या हल्ली मिळतो कुठे? पण विहिरीत पडलेली अंगठी शोधताना त्याच विहिरीत घमेलंभर माती टाकावी, तसं त्याच्या हातून झालंय. का, ते पुढे सांगतो.

तुमच्या पत्रातलं मला सगळ्यात मोलाचं वाटलं ते भाऊबीजेचं वाक्य. याहू मेसेंजरमध्ये गप्पा साठवायच्या की नाही याची एक सेटिंग होती: कायमच्या ठेवा, साइन आउट करेपर्यंत ठेवा, नाहीतर ठेवूच नका. पुष्कळांनी तिकडे कधी पाहिलंच नाही, आणि अशांच्या गप्पा मुळात कुठे लिहिल्याच गेल्या नाहीत. जे लिहिलं गेलं नाही ते अठरा हजारांतच काय, अठरा लाखांतही मिळत नाही. तुम्ही मात्र वर्षभरापूर्वीच्या गप्पा उघडून वाचत होतात. म्हणजे तुमची सेटिंग ‘कायम ठेवा’वर होती आणि गप्पा तुमच्याच डिस्कवर, रोजची एक फाइल अशा उतरत होत्या. दुकानदाराने तुम्हाला हा प्रश्न विचारला का? विचारला नसेल तर त्याचा १८ चा आकडा हवेतला आहे.

याहूकडे मागण्यात आता अर्थ नाही. १७ जुलै २०१८ ला मेसेंजर बंद झालं. त्या वेळी गप्पा उतरवून घ्यायला काही महिन्यांची मुदत होती, तीही केव्हाच संपली. शिवाय खातेदार गेल्यावर खातं वारसाकडे जात नाही, असं याहूच्या अटींमध्येच होतं. तेव्हा राहिला तो माळ्यावरचा सीपीयू. आणि आणखी एक जागा, तिच्याकडे शेवटी येतो.

फॉरमॅट मारला म्हणजे सगळं पुसलं, असं बहुतेकांना वाटतं. सांगलीच्या माणसाला सांगायचं तर असं: डिस्क म्हणजे शिवार, आणि कुठल्या गटात काय लावलंय त्याची एक नोंदवही. फॉरमॅट मारला की जुनी वही कोपऱ्यात फेकून कोरी वही सुरू होते. शेतात पीक तसंच उभं असतं. पण कोऱ्या वहीप्रमाणे सगळं शिवार पड, त्यामुळे पुढे येणारा प्रत्येक जण आपल्याला हवं तिथे ऊस लावत सुटतो. जिथे ऊस लागला तिथला हरभरा गेला. जिथे अजून कुणी नांगर घातला नाही तिथे हरभरा तसाच आहे, फक्त वहीत नाही.

२०१२ मध्ये त्या मुलाने बहुधा विंडोज ७ टाकली असेल, कदाचित पुन्हा जुनी विंडोज एक्सपीच. दोन्हींच्या इन्स्टॉलेशनमधला फॉरमॅट डिस्कभर शून्यं लिहीत सुटत नाही, हे तुमचं नशीब. विंडोज ७ ला स्वतःला १६ ते २० जीबी जागा लागते, म्हणजे सी ड्राइव्हच्या तेवढ्या भागात तेव्हाच ऊस लागला. नंतर तुम्ही ते मशीन किती वापरलंत त्यावर बाकीचं अवलंबून. आणि दिवाळीत पुतण्याने रिकव्हरीचं सॉफ्टवेअर टाकलं तेही त्याच शिवारात! हरभरा शोधायला आलेल्या गड्याने आधी स्वतःची झोपडी बांधली, आणि ती नेमकी कुठे बांधली ते त्यालाही ठाऊक नाही.

हसायचा हक्क मला नाही. मिरजेत मी वीसेक वर्षं ही मशीनं उघडली, आणि सुरुवातीला हेच पाप एकदा स्वतःच्या हाताने केलंय. एका वकीलसाहेबांच्या डिस्कवर त्यांच्या मुलीच्या लग्नाचे फोटो होते. घाईत मी शोधायचं सॉफ्टवेअर त्याच डिस्कवर उतरवलं. फोटो परत मिळाले, पण बऱ्याच फोटोंत वर मांडव आणि माणसांची डोकी, खाली नुसता राखाडी पट्टा. वकीलसाहेब काही बोलले नाहीत. पैसे मात्र मोजून पूर्ण दिले, आणि ते मला जास्त लागलं.

आता एक गोष्ट, जी दुकानातली पोरं हमखास चुकतात. फॉरमॅट मारण्याआधी भला कारागीर ‘माय डॉक्युमेंट्स’ आणि डेस्कटॉप उचलून डी ड्राइव्हवर ‘बॅकअप’ नावाच्या फोल्डरात टाकतो. तुमच्या डी ड्राइव्हवरही असा फोल्डर असेल. त्यात दादाने पाठवलेले फोटो असण्याची शक्यता चांगली आहे, पण ते मशीन चालू करून नाही, पुढे सांगतो तशी डिस्क बाहेर काढून तिची नक्कल केल्यावर आधी बघून घ्या. पण गप्पा त्यात नसणार. याहू मेसेंजर गप्पा ठेवायचं ते सी ड्राइव्हच्या ‘प्रोग्राम फाइल्स’मध्ये: याहू, त्यात मेसेंजर, त्यात प्रोफाइल्स, त्यात तुमचा आयडी, त्यात अर्काइव्ह, मग मेसेजेस, आणि शेवटी दादाच्या आयडीच्या नावाचा फोल्डर. प्रोग्राम फाइल्स म्हणजे सॉफ्टवेअरचा कारखाना, तिथे माणसांची चिजवस्तू असेल असं कुणाच्या मनात येत नाही. त्या मुलाच्याही आलं नसेल.

पुतण्याला काही सापडलं नाही याचंही कारण इथेच आहे. त्या फाइली साध्या मजकुराच्या नसत. नावात तारीख आणि तुमचा आयडी, शेवटी ‘डीएटी’. आतला मजकूर तुमच्या आयडीच्याच अक्षरांनी गुंडाळलेला: पहिल्या अक्षराला आयडीचं पहिलं अक्षर, दुसऱ्याला दुसरं, आयडी संपला की पुन्हा पहिल्यापासून. एक्स-ऑर म्हणतात या प्रकाराला. म्हणून दादाचं नाव घालून आतला मजकूर धुंडाळला तर काही लागणार नाही. फाइल समोर असली तरी. पण हे कुलूप नावापुरतंच आहे, किल्ली कडीलाच टांगलेली. आयडी विसरला असाल तरी हरकत नाही, फाइलीच्या नावातच तो लिहिलेला असतो. एकदा फाइल हाती आली की कॉम्प्युटर शिकणारा कुठलाही मुलगा तासाभरात दहा-पंधरा ओळींचा प्रोग्राम लिहून ती उलगडेल. आत प्रत्येक वाक्याची वेळही असते, १ जानेवारी १९७० पासून मोजलेल्या सेकंदांत. ती वाचता येईल अशी करून घ्यायला सांगा. दादा किती मिनिटं थांबून उत्तर द्यायचा तेही त्यातून दिसेल.

तेव्हा करायचं काय? सीपीयू चालू न करता उघडून हार्ड डिस्क बाहेर काढायची. इतकी वर्षं माळ्यावर पडलेल्या मशीनच्या पॉवर सप्लायवर माझा भरवसा नाही, दिवाळीत तो चालला यातच समाधान माना. डिस्कला रुंद चपट्या पट्टीसारखी केबल असेल तर ती आयडीई, बोटभर रुंदीची असेल तर साटा. दोन्हींसाठी यूएसबीला जोडायचं अॅडॉप्टर मिळतं. आयडीई असेल तर मागचा छोटा जंपर, म्हणजे पिनांवर बसवलेली प्लास्टिकची टोपी, ‘मास्टर’वर आहे ना, बघून घ्या. नाहीतर डिस्क दिसत नाही आणि माणूस उगाच म्हणतो की मेली.

डिस्क दुसऱ्या चांगल्या मशीनला जोडल्यावर लगेच शोधायला बसायचं नाही. आधी तिची अख्खी नक्कल काढायची, पडीक जागेसकट, एका फाइलीत. याला इमेज म्हणतात. लिनक्सवर (विंडोजसारखीच, पण फुकटची प्रणाली) डीडीरेस्क्यू नावाचं फुकटचं साधन आहे, ते आधी धड भाग वाचून घेतं आणि खराब जागांकडे नंतर परत येतं. तेव्हाच्या डिस्क ८० नाहीतर १६० जीबीच्या, आजच्या कुठल्याही बाहेरच्या डिस्कवर त्यांची नक्कल सहज मावते. नक्कल झाली की मूळ डिस्क कापडात गुंडाळून कपाटात, आणि पुढचे सगळे प्रयोग नकलेवर. प्रयोग फसला तर नक्कल दुसरी, डिस्क तीच.

शोधताना एक चकवा आहे. फोटोरेक नावाचं प्रसिद्ध फुकट सॉफ्टवेअर पुष्कळ जण सुचवतील. ते फाइलीच्या सुरुवातीची ओळखीची खूण बघून फाइल उचलतं. फोटोंना अशी खूण असते, त्यामुळे दादाचे फोटो शोधायला ते उत्तम. पण याहूच्या गुंडाळलेल्या फाइलींना अशी खूणच नाही, ते त्यांच्यावरून खुशाल पुढे निघून जाईल. गप्पांसाठी ती कोपऱ्यात फेकलेली जुनी नोंदवही हुडकणारं साधन हवं. डीएमडीई हे काम करतं, फुकटच्या आवृत्तीतही मर्यादेत फाइली काढता येतात. त्यात ‘अर्काइव्ह’ हा फोल्डर आणि ‘२००७’, ‘२००८’ अशा आकड्यांनी सुरू होणारी ‘डीएटी’ नावं शोधायची.

यात मला फार आवडणारी एक गंमत आहे. विंडोजच्या एनटीएफएस वहीत प्रत्येक फाइलीला एक केबीची नोंद मिळते, आणि फाइल अगदीच छोटी, साधारण ७०० बाइटच्या आतली असेल, तर ती शेतात जातच नाही, वहीतल्या त्या नोंदीतच लिहिली जाते. म्हणजे ज्या दिवशी तुम्ही दोघं तास-तास बोललात त्या गप्पांवर उसाने पाणी फिरवलं असेल, पण ज्या दिवशी दादा घाईत होता, ‘आज जमत नाही गं, उद्या बोलू’ एवढंच लिहून उठला, ते दिवस जुन्या वहीची पानं जिवंत असतील तर अख्खेच्या अख्खे मिळतील.

आवाजाचं उत्तर नाही असं आहे. याहूवर बोललेला आवाज मेसेंजर साठवत नव्हतं, फक्त टाइप केलेलं साठवायचं. आवाज शोधायचा तर लग्नाच्या, मुंजीच्या व्हिडिओ कॅसेटींत शोधा. भाचीच्या जुन्या फोनमध्येही एखादा व्हॉइस मेसेज असेल.

आता ते १८ हजार. डिस्क जोडल्यावर टकटक असा आवाज येत असेल किंवा ती फिरतच नसेल तर घरचे प्रयोग तिथेच थांबवा. ते काम पुण्या-मुंबईच्या लॅबचं, आणि तिथे पैसे लागणारच. डिस्क नीट फिरत असेल तर १८ हजार मला पटत नाहीत. दुकानदाराला दोन प्रश्न विचारा: आधी इमेज काढणार का? आणि मिळालेल्या फाइलींची यादी दाखवून मग पैसे घेणार का? दोन्हींना सरळ ‘हो’ आलं तर बोलणी करा. ‘काकू, तुम्ही नका काळजी करू’ असं आलं तर डिस्क पिशवीत घालून परत या.

व्हॉट्सअॅपचं थोडक्यात. ते कॉम्प्युटरवर दिसत असलं तरी मूळ तुमच्या फोनवर आहे, कॉम्प्युटर नुसता जोडीदार. १४ दिवसांहून जास्त काळ फोन वापरला नाही तर जोडीदार आपोआप बाहेर पडतो. अँड्रॉइड फोन रोज पहाटे २ वाजता स्वतःमध्येच एक बॅकअप लिहितो आणि अशा गेल्या काही दिवसांच्या फाइली ठेवतो, पण फोनच हरवला तर त्याही गेल्या. म्हणून सेटिंगमधून गूगलवरचा बॅकअप चालू करा. त्याला पासवर्ड किंवा ६४ आकड्यांची किल्ली लावलीत तर ती घरातल्या वहीत लिहून ठेवा, विसरलात तर कंपनीही उघडून देऊ शकत नाही. आणि भाचीच्या गप्पा वर्षातून एकदा ‘एक्सपोर्ट चॅट’ करून स्वतःलाच ई-मेल करा. साधी मजकुराची फाइल येते, तिला किल्लीबिल्ली लागत नाही. दर भाऊबीजेला करा, लक्षात राहील.

आता ती दुसरी जागा. नेट कॅफेतली पहिली दोन वर्षं तुमच्या डिस्कवर कधी नव्हतीच, ती कॅफेच्या मशीनवर राहिली आणि मशीनबरोबर भंगारात गेली. पण गप्पांना दोन टोकं असतात, ताई. तुम्ही कॅफेत बसलेल्या असताना दादा त्याच्या घरच्या कॉम्प्युटरवर बसलेला होता. त्याची सेटिंगही ‘कायम ठेवा’वर असेल तर २००४ पासूनची प्रत्येक सकाळ तिकडच्या डिस्कवर आहे. तुमची वाक्यं आणि त्याची वाक्यं, दोन्ही. आणि तिकडे फॉरमॅट कुणी मारला नसेल तर कसली इमेज आणि कसली नोंदवही! एक फोल्डर कॉपी करून पाठवला की झालं. त्या फाइलींची किल्ली म्हणजे दादाचा आयडी, तोही फाइलींच्या नावातच मिळेल. मशीन विस्टा किंवा विंडोज ७ चं असेल तर एक आडजागा सांगून ठेवतो: प्रोग्राम फाइल्समध्ये काही दिसलं नाही तर दादाच्या यूजर फोल्डरात ‘अॅप डेटा’, त्यात ‘लोकल’, त्यात ‘व्हर्चुअल स्टोअर’ उघडायचं. त्या विंडोज अशा फाइली गुपचूप तिथे वळवत असत. ‘अॅप डेटा’ लपवलेला फोल्डर आहे, आधी लपवलेल्या फाइली दाखवायचा पर्याय चालू करावा लागेल.

म्हणजे सगळ्यात सोपी वाट वहिनींच्या घरातून जाते. तुम्ही पत्रात हक्कसोडपत्राचा विषय अर्ध्या ओळीत उरकलात, त्यावरून तो किती मोठा आहे ते कळलं. कुणाचं बरोबर ते मी सांगणार नाही, कागद मी पाहिलेले नाहीत आणि ते माझं कामही नाही. एवढंच सांगेन की घराची मागणी आणि गप्पांची मागणी एका पत्रात घालू नका. वकिलाकडून तर मुळीच मागू नका. भाचीलाही मध्ये घालू नका, तिला तुम्ही दोघीही हव्या आहात. फाइली कुठे असतात एवढं शोधायला तिची मदत घ्या, पण मागणं मात्र तुमचं तुम्ही मागा.

आणि एक अडचण आधीच मनाशी धरा. त्या गप्पांत वहिनींबद्दलही काहीबाही असणार. नणंद आणि भाऊ सात वर्षं रोज बोलतात आणि वहिनींचं नाव निघत नाही, असं कुठे होतं? वहिनींना ते ठाऊक आहे. त्यांनी त्या फाइली आधीच वाचल्या असतील, किंवा म्हणूनच उघडल्या नसतील. त्या नाही म्हणाल्या तर कारण हेही असू शकतं, घरच असेल असं नाही. माझं मत विचाराल तर, ‘त्या आधी तुम्ही वाचा, मग मला द्यावंसं वाटेल ते द्या’ असं तुम्हीच म्हणा. आपल्या बाजूने थोडं काही सोडायचं तर ते इथे सोडावं.

मेसेज कसा लिहावा असं विचाराल म्हणून एक नमुना देतो, बदलून घ्या:

‘वहिनी, घराचं बोलणं नाही, ते वेगळं. दादा आणि मी सकाळी याहूवर बोलायचो, त्या गप्पा माझ्याकडच्या गेल्या. दादाच्या जुन्या कॉम्प्युटरवर असतील. तुम्ही आधी वाचा. वाटलं तर मला पाठवा. तो कॉम्प्युटर टाकायचा झाला तर टाकायच्या आधी एकदा सांगा.’

शेवटची ओळ गाळू नका. अमेरिकेत घरं बदलताना जुनी मशीनं फार लवकर बाहेर जातात.

पाठवायची वेळ मात्र तुमची नेहमीचीच ठेवा, सकाळी साडेसहा. न्यू जर्सीला तेव्हा आदल्या रात्रीचे नऊ वाजलेले असतात, हिवाळ्यात आठ. त्या घरात त्या वेळी कोण कुणाशी बोलत बसायचं, हे वहिनींना सांगावं लागणार नाही.